समुपदेशकाकडे पहिल्यांदा जाताना : त्या खोलीत नेमके काय होते?

"त्या खोलीत नेमकं काय करतात?"

बाळापूर तालुक्यात तरुणांसोबत काम करताना हा प्रश्न आम्हाला वरचेवर ऐकू येतो. कधी विहारात वंदना संपल्यावर चपला घालता घालता, कधी जयंतीच्या बैठकीनंतर, तर कधी रात्री अकरा वाजता व्हॉट्सॲपवर. विचारणारा बहुतेक वेळा म्हणतो, "एका मित्रासाठी विचारून राह्यलो." आम्हीही मित्राचे नाव विचारत नाही.

मग एकामागून एक प्रश्न येतात. "ते आपल्याले झोपवून मनातलं काढून घेतात काय?" "घरी फोन करतीन काय?" "पोलीस भरतीत अडचण येईन काय?" "गोळ्या सुरू झाल्या त जन्मभर घ्या लागतीन काय?" आणि सगळ्यात शेवटी, आवाज खाली आणून, "आडनाव सांगितल्यावर त्यायचा चेहरा बदलला त?"

हे सगळे प्रश्न रास्त आहेत. आमचा अनुभव असा की, मदत नकोच म्हणणारे फार थोडे असतात. दाराच्या आत काय आहे हे माहीत नसल्यामुळे दारातूनच परत फिरणारे त्यांच्यापेक्षा कितीतरी जास्त. आमच्या ओळखीचा एक तरुण स्पर्धा परीक्षेत लागोपाठ अपयश आल्यावर झोप हरवून बसला होता. तो बाळापूरहून एसटीने दोनदा अकोल्याला गेला आणि बसस्थानकावर चहा पिऊन दोनदा परत आला. तिसऱ्यांदा आम्ही सोबत गेलो. पाऊण तासाने बाहेर आल्यावर तो एवढेच म्हणाला, "इतकंच होतं काय?" हा लेख त्याच्यासारख्यांसाठी आहे.

आधी कोण कोण असते ते समजून घेऊ

मानसोपचारतज्ज्ञ म्हणजे एमबीबीएस करून मनोविकारशास्त्रात पुढचे शिक्षण घेतलेले डॉक्टर. ते औषध लिहून देऊ शकतात. चिकित्सा मानसशास्त्रज्ञ चाचण्या घेतात आणि बोलण्यातून उपचार करतात. त्यांची भारतीय पुनर्वास परिषदेकडे नोंदणी असते. समुपदेशक बहुधा मानसशास्त्र किंवा समाजकार्यात पदव्युत्तर शिकलेले असतात. ते बोलण्यातून मदत करतात, औषध देत नाहीत. "तुमचं शिक्षण काय, अनुभव कशाचा?" असे समुपदेशकाला विचारणे उद्धटपणाचे नाही. चांगला समुपदेशक या प्रश्नाने रागावत नाही.

समुपदेशकाकडे कधी जावे? दोन आठवड्यांहून जास्त काळ झोप, भूक किंवा कामावरचे लक्ष बिघडले असेल, सारखे रडू येत असेल किंवा काहीच वाटेनासे झाले असेल, चिडचिड घरच्यांवर निघत असेल, दारू किंवा गुटखा वाढला असेल, जगणे नको वाटत असेल, तर जावे. यासाठी 'येडा' असावे लागत नाही. दाढ दुखली तर आपण दातांच्या डॉक्टरकडे जातो. जबडा निकामी होईपर्यंत थांबत नाही.

बाळापूरहून कुठे जाता येते?

सगळ्यात जवळचे दार म्हणजे हातातला फोन. केंद्र सरकारची 'टेलिमानस' ही सेवा १० ऑक्टोबर २०२२ रोजी, म्हणजे जागतिक मानसिक आरोग्य दिनी सुरू झाली. १४४१६ हा तिचा क्रमांक. फोन मोफत आहे, दिवसरात्र चालतो आणि मराठीत बोलता येते. आधी प्रशिक्षित समुपदेशक बोलतो आणि गरज असेल तर पुढे तज्ज्ञाशी जोडून देतो. शेतकरी आत्महत्यांनी होरपळलेल्या विदर्भ-मराठवाड्यातील १४ जिल्ह्यांत राज्य सरकारने २०१५ मध्ये 'प्रेरणा प्रकल्प' सुरू केला. त्यात अकोला आणि अमरावती दोन्ही जिल्हे होते.

प्रत्यक्ष जायचे तर ग्रामीण रुग्णालयात चौकशी करावी. जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमाचे पथक कोणत्या दिवशी कुठे बसते, हे तिथे किंवा आशाताईंकडून कळू शकते. सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत १५ ऑगस्ट २०२३ पासून उपचार मोफत आहेत. अकोल्यात शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाचे सर्वोपचार रुग्णालय आहे. तिथे गर्दी असते, म्हणून सकाळी लवकर जाऊन केसपेपर काढावा, जुने कागद आणि चालू गोळ्यांची पाकिटे सोबत न्यावीत. खासगी समुपदेशकाची फी परवडेल का, हे आधी फोनवर विचारावे. विद्यार्थ्यांना किंवा कमी उत्पन्न असलेल्यांना सवलत आहे का, हेही विचारावे. अनेक जण देतात, पण विचारल्याशिवाय सांगत नाहीत.

एक अडचण आम्हाला माहीत आहे. अकोल्याला जाणे म्हणजे अख्खा दिवस जातो, मजुरी बुडते आणि घरी कारण सांगावे लागते. म्हणून पहिली भेट प्रत्यक्ष आणि पुढच्या काही फोनवर, असे ठरवता येते का ते विचारा. फोनवर बोलायचे तर जागा आधी ठरवून ठेवा. दोन खोल्यांच्या घरात सहा माणसे असताना मनातले बोलता येत नाही. कोणी गच्चीवरून बोलतो, कोणी शेताच्या धुऱ्यावरून. आमच्या ओळखीची एक मुलगी वाचनालयामागच्या कडुनिंबाखाली बसून बोलायची. कानात हेडफोन घातला की समोरच्याचे बोलणे तरी दुसऱ्याला ऐकू जात नाही.

पहिली भेट

पहिली भेट साधारण पाऊण ते एक तासाची असते. सरकारी रुग्णालयात गर्दीमुळे ती याहून छोटी होऊ शकते. खोलीत दोन-तीन खुर्च्या, एक टेबल आणि बहुतेक वेळा पाण्याचा ग्लास. झोपवणे, डोळ्यांत पाहून मनातले काढून घेणे असले काही होत नाही. तुम्ही जे सांगाल तेवढेच समोरच्याला कळते.

सुरुवातीला नाव, वय, शिक्षण, काम, घरात कोण कोण, असे साधे प्रश्न येतात. मग "आज इथं यावंसं का वाटलं?" इथे अनेकांची जीभ अडखळते. "कुठून सुरू करू समजत नाही" असे म्हटले तरी चालते. जवळजवळ सगळ्यांचे पहिले वाक्य हेच असते. पुढे झोप, जेवण, व्यसन, जुने आजार, घरात कोणाला असा त्रास झाला होता का, हे विचारतात. "मरून जावं असं कधी वाटतं का?" हेही स्पष्ट विचारतात. हा प्रश्न ऐकून घाबरू नका. तो सगळ्यांना विचारला जातो आणि त्याचे खरे उत्तर दिल्याने कोणी तुम्हाला कोंडून ठेवत नाही. विचारल्यामुळे तसा विचार डोक्यात शिरतो ही समजूतही चुकीची आहे. उलट बोलल्याने माणूस मोकळा होतो.

काही ठिकाणी एक छोटा कागद भरायला देतात. पीएचक्यू-९ नावाची प्रश्नावली खूप वापरली जाते. गेल्या दोन आठवड्यांत झोप, उत्साह, भूक, एकाग्रता कशी होती, असे त्यात नऊ प्रश्न असतात. ही परीक्षा नाही, यात नापास होत नाही. ताप मोजल्यासारखे आहे. आज किती आणि दोन महिन्यांनी किती, हे त्यातून कळते.

शेवटी समुपदेशक विचारतो, "आपल्या भेटींतून काय बदलावं असं वाटतं?" याचे उत्तर आदल्या रात्री घरी लिहून ठेवले तर बरे. "सगळं ठीक व्हावं" यापेक्षा "रात्री दोनच्या आधी झोप लागावी" किंवा "बाबांशी बोलताना आवाज चढू नये" हे जास्त उपयोगी पडते.

रडू आले तर रडावे. काही सांगायचे नसेल तर "हे आज नको" म्हणावे. वऱ्हाडी येत असेल तर वऱ्हाडीतच बोलावे. शुद्ध मराठी किंवा इंग्रजी बोलण्याचा ताण घेऊन गेलात तर निम्मे दुखणे त्या भाषेच्या मागे लपून राहते. मुलींनी हवे असल्यास स्त्री समुपदेशक मागावी, सोबत मैत्रीण न्यावी आणि तिला बाहेर थांबायला सांगावे.

पहिल्या भेटीनंतर हलके वाटेलच असे नाही. अनेकांना त्या रात्री जास्त जड वाटते, थकवा येतो. "उगीच सांगितलं" असेही वाटते. बंद खोली झाडायला घेतली की आधी धूळ उडते, तसे हे आहे. त्या दिवशी संध्याकाळी दुसरी बैठक ठेवू नका, जेवा आणि लवकर झोपा.

"मी बोललेलं बाहेर जाईल का?"

मानसिक आरोग्य सेवा कायदा २०१७ मध्ये झाला आणि २९ मे २०१८ पासून लागू आहे. त्याच्या कलम २३ ने उपचार घेणाऱ्याला गुप्ततेचा हक्क दिला आहे. तुमची माहिती तुमच्या संमतीशिवाय शेजाऱ्यांना, कंपनीला किंवा कॉलेजला देता येत नाही. समुपदेशकाकडे गेल्याची नोंद आपोआप भरती मंडळाकडे जाते, ही अफवा आहे.

गुप्ततेला काही अपवाद आहेत आणि ते पहिल्याच भेटीत सांगितले गेले पाहिजेत. तुमच्या किंवा दुसऱ्याच्या जिवाला धोका दिसला तर समुपदेशक जवळच्या माणसाला किंवा डॉक्टरला कळवतो. अठरा वर्षांखालील मुलावर लैंगिक अत्याचार झाल्याचे समजले तर २०१२ च्या पॉक्सो कायद्यानुसार ते कळवणे बंधनकारक आहे. न्यायालयाचा आदेश आला तरी माहिती द्यावी लागू शकते. समुपदेशकाने हे स्वतःहून सांगितले नाही तर तुम्ही विचारा, "मी सांगितलेलं कोणाला आणि केव्हा सांगाल?"

याच कायद्याचे कलम ११५ ही लक्षात ठेवण्यासारखे आहे. आत्महत्येचा प्रयत्न करणारा माणूस तीव्र ताणाखाली होता, असे कायदा गृहीत धरतो आणि त्याची काळजी घेण्याची जबाबदारी सरकारवर टाकतो. म्हणून केस होईल या भीतीने अशा माणसाला घरात लपवून ठेवू नका. दवाखान्यात न्या.

आडनावाचा प्रश्न

आता ज्या प्रश्नासाठी आवाज खाली येतो, त्याकडे येऊ.

आपल्या मुलामुलींच्या दुखण्यात जातीचा वाटा असतो. हॉस्टेलमधले टोमणे, सवलतीवरून मारलेले बोल, गावातली वस्ती आणि गाव यांच्यामधली ती न दिसणारी रेघ, भाड्याने खोली मागताना आडनाव ऐकून बदललेला सूर. १७ जानेवारी २०१६ ला हैदराबादमध्ये रोहित वेमुला गेला. २२ मे २०१९ ला मुंबईत डॉ. पायल तडवी गेली. तेव्हा "मन कमकुवत होतं" म्हणणारे कमी नव्हते. आपण त्याला संस्थात्मक हत्या म्हटले, आणि ते बरोबरच होते. त्यामुळे समुपदेशन म्हटले की आपल्या कार्यकर्त्यांच्या मनात शंका येते. अन्याय बाहेर आहे आणि उपचार माझ्यावर, हे कसे?

शंका खरी आहे. तिचे उत्तर शोधताना आम्हाला तथागतांनी दिलेला दोन बाणांचा दृष्टांत उपयोगी वाटतो. माणसाला एक बाण लागतो, ती वेदना असतेच. मग त्या वेदनेवर मन आणखी एक बाण मारून घेते. अपमान झाला हा पहिला बाण. "माझ्यातच काही कमी आहे", "मी घरच्यांवर ओझं आहे", "आता काहीच होणार नाही" हे रात्रभर घोळत राहणे हा दुसरा. पहिला बाण कोणी मारला हे विसरायचे नाही. त्याच्यासाठी अर्ज, तक्रार, अत्याचार प्रतिबंधक कायदा, मोर्चा आणि संघटना आहे. समुपदेशक दुसरा बाण काढायला मदत करतो. दुसरा बाण निघाला की पहिल्याविरुद्ध उभे राहायला ताकद येते. जो समुपदेशक पहिला बाण नव्हताच असे म्हणतो, तो आपल्या कामाचा नाही.

हे ओळखायचे कसे? पहिल्या किंवा दुसऱ्या भेटीत जातीचा अनुभव मुद्दाम सांगून बघा. "आता कुठे राहिली जात?", "तुम्ही फार मनाला लावून घेता" असे उत्तर आले तर सावध व्हा. "तेव्हा काय झालं ते सविस्तर सांगा, त्यानंतर तुम्ही काय केलं?" असे विचारले तर तो माणूस ऐकतो आहे. सगळे समुपदेशक आपल्या समाजातलेच हवेत असे नाही, आणि आपल्या समाजातला आहे म्हणून तो चांगलाच असेल असेही नाही. ऐकण्याची तयारी महत्त्वाची. दिव्या कंडुकुरी या आंबेडकरी कार्यकर्तीने 'द ब्लू डॉन' हा बहुजनांसाठीचा मानसिक आरोग्य मदतगट याच गरजेतून उभा केला.

कायदाही इथे आपल्या बाजूने आहे. २०१७ च्या कायद्याचे कलम १८ सांगते की, मानसिक आरोग्य सेवा देताना जात, धर्म, लिंग, वर्ग, सामाजिक किंवा राजकीय मत यांवरून भेदभाव करता येणार नाही. कलम ३ नुसार एखाद्याची सामाजिक स्थिती किंवा रूढ श्रद्धांशी न जुळणारे विचार, एवढ्यावरून त्याला मानसिक रोगी ठरवता येत नाही. देव न मानणाऱ्या, प्रश्न विचारणाऱ्या मुलीला "हिच्या डोक्यात फरक पडला" म्हणणाऱ्यांना हे कलम दाखवावे.

पुढच्या भेटींत काय होते?

दुसऱ्या-तिसऱ्या भेटीपासून कामाला सुरुवात होते. समुपदेशक घरातल्या वडीलधाऱ्यांसारखा "असं कर, तसं करू नको" सांगत बसत नाही. तो प्रश्न विचारतो, तुमचेच बोलणे तुमच्यासमोर नीट मांडतो आणि घरी करायला काही देतो. आपल्याला किसा गोतमीची गोष्ट माहीत आहे. मेलेले मूल कवटाळून आलेल्या त्या आईला बुद्धांनी उपदेश केला नाही. ज्या घरात कोणी मेले नाही अशा घरातून मोहरी आणायला पाठवले. दारोदार फिरता फिरता तिला जे कळायचे ते तिचे तिलाच कळले. समुपदेशनातला 'गृहपाठ' काहीसा असाच असतो.

तो कसा असतो? रोज रात्री एका वहीत लिहायचे : आज काय घडले, तेव्हा मनात कोणता विचार आला, काय वाटले, त्या विचाराला पुरावा काय. किंवा रोज सकाळी अर्धा तास मन नदीच्या काठाने चालून यायचे, मनाला नको वाटत असले तरी. किंवा आठवड्यातून एकदा सोडून दिलेले क्रिकेट पुन्हा खेळायचे. अल्बर्ट एलिस यांनी १९५५ च्या सुमारास विवेकनिष्ठ उपचारपद्धती मांडली आणि ती कि. मो. फडके यांनी महाराष्ट्रात मराठीतून पोहोचवली. घटनेइतकाच त्या घटनेबद्दलचा आपला समज आपल्याला त्रास देतो, आणि तो समज तपासता येतो, हे तिचे मूळ. तपासल्याशिवाय काही मानायचे नाही, हे धम्मात वाढलेल्या मुलाला परके वाटू नये.

किती भेटी लागतात? त्रासावर अवलंबून आहे, पण आयुष्यभर नाही. गोव्यात 'संगत' या संस्थेने प्राथमिक आरोग्य केंद्रांत मध्यम ते तीव्र नैराश्य असलेल्या सुमारे ५०० जणांवर अभ्यास केला, तो २०१७ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये आला. त्यात समुपदेशन करणारे डॉक्टर नव्हते. ती प्रशिक्षण दिलेली स्थानिक माणसे होती. सहा ते आठ भेटी झाल्या. तीन महिन्यांनी, समुपदेशन मिळालेल्या १०० पैकी ६४ जण नैराश्यातून बाहेर आले होते. ज्यांना फक्त नेहमीचे उपचार मिळाले, त्यांच्यात हे प्रमाण १०० पैकी ३९ होते.

आपल्या वऱ्हाडातलेही उदाहरण आहे. अमरावती जिल्ह्यातल्या ३० गावांत 'विश्राम' नावाचा कार्यक्रम राबवला गेला. गावातल्याच आरोग्य कार्यकर्त्यांनी घरोघरी बोलणे सुरू केले, समुपदेशक नेमले आणि गरज पडली तर मानसोपचारतज्ज्ञाकडे पाठवले. सुरुवातीला नैराश्य असलेल्या १०० पैकी साधारण ४ जणच मदत घेत होते. दीड वर्षाने ते प्रमाण २७ वर गेले. हे काम ज्यांनी केले ती आपल्यासारख्याच खेड्यांतली माणसे होती.

औषधाची भीती

सगळ्यांना औषध लागत नाही. त्रास तीव्र असेल, झोप पूर्ण गेली असेल, भास होत असतील किंवा जिवाला धोका असेल, तर समुपदेशक मानसोपचारतज्ज्ञाकडे पाठवतो. "आपण फारच बिघडलो" असा त्याचा अर्थ घेऊ नका. नैराश्यावरच्या गोळ्यांचा परिणाम दिसायला साधारण दोन ते चार आठवडे लागतात, म्हणून तीन दिवसांत "काही फरक नाही" म्हणून सोडू नयेत. त्या बहुतेकांना काही महिने लागतात, जन्मभर नाही. थोडे बरे वाटले म्हणून मनाने बंद करू नयेत. डॉक्टर त्या हळूहळू कमी करतात.

विपश्यना आहे ना, मग समुपदेशक कशाला?

हा प्रश्न आपल्याच मंडळींत येतो. आम्ही स्वतः ध्यानाचा फायदा घेतला आहे. पण १० दिवसांचे विपश्यना शिबिर हा मनाच्या आजारावरचा तातडीचा उपचार नाही. गंभीर मानसिक आजार असलेल्यांनी शिबिराला येऊ नये, असे शिबिर घेणारी केंद्रे स्वतःच सांगतात आणि अर्जात त्याबद्दल विचारतात. तो रकाना खरा भरा. शिबिरासाठी चालू गोळ्या बंद करणे धोक्याचे आहे. आनापान रोज घरी करता येते आणि समुपदेशनासोबत ते चांगले चालते. आधी डॉक्टरांना विचारा एवढेच.

आणखी एक युक्तिवाद ऐकू येतो : तथागतांनी स्वतःच स्वतःचा दीप व्हायला सांगितले, मग दुसऱ्याकडे का जायचे? पण त्याच तथागतांनी आनंदाला कल्याणमित्राचे महत्त्व समजावले. चांगला मित्र म्हणजे अर्धा मार्ग असे आनंदाला वाटत होते. बुद्धांनी त्याला दुरुस्त केले आणि तो संपूर्ण मार्ग आहे असे सांगितले. स्वयंप्रकाशित होणे म्हणजे अंधारात एकट्याने चाचपडणे, असा अर्थ आपण काढला. तो बुद्धांचा नाही.

जमत नसेल तर

दोन-तीन भेटींनंतर सूर जुळला नाही तर समुपदेशक बदलता येतो. "मला दुसऱ्या कोणाकडे जाऊन बघायचं आहे" एवढे सांगणे पुरेसे आहे. काही गोष्टी घडल्या तर मात्र तिथे एक भेटही थांबू नका. पूजा, खडा, गंडादोरा सुचवणे. तुमच्याकडून उसने पैसे मागणे. अंगचटीला येणे किंवा रात्री-बेरात्री खासगी मेसेज करणे. दुसऱ्या रुग्णाची गोष्ट नावासह सांगणे. "गोळ्या फेकून द्या, माझ्यावर विश्वास ठेवा" म्हणणे. मांत्रिक आणि भोंदू आपण २२ प्रतिज्ञांसोबत सोडले. ते टाय लावून आले तरी ओळखता आले पाहिजेत.

कार्यकर्त्यांशी दोन शब्द

अत्याचाराची केस झाली की रात्री पोलीस ठाण्यात बसणारे, पंचनाम्याला जाणारे, कोणाच्या घरी मयत झाली की पहिले पोचणारे, जयंतीची वर्गणी आणि डीजेची भांडणे एकाच दिवशी निस्तरणारे आपले कार्यकर्ते आम्ही पाहतो. इतरांचे दुःख ऐकून ऐकून त्यांच्यातही ते साचते. मग चिडचिड, दारू, घरात अबोला. चळवळीत "मला त्रास होतोय" म्हणायला जागा नाही. म्हटले की "एवढ्यात खचला?" हे उत्तर तयार असते.

२७ मे १९३५ रोजी माता रमाई गेल्या तेव्हा बाबासाहेब शोकात बुडाले होते, हे त्यांच्या चरित्रकारांनी लिहून ठेवले आहे. त्या शोकाने ते लहान झाले नाहीत. त्याच वर्षी १३ ऑक्टोबरला त्यांनी येवल्याची घोषणा केली. दुःख कबूल करणे आणि लढणे, ही दोन्ही एकाच माणसाला जमतात.

म्हणून आमची विनंती आहे. प्रत्येक विहाराच्या फलकावर १४४१६ हा क्रमांक लिहा. युवक मंडळाच्या व्हॉट्सॲप गटात कोणी "कंटाळा आला जगण्याचा" लिहिले तर त्यावर हसणारा इमोजी टाकू नका, त्याला फोन करा. कोणी तातडीच्या धोक्यात असेल तर त्याला एकटे सोडू नका, जवळची औषधे-फवारणीचे डबे दूर ठेवा, ११२ ला फोन करा किंवा थेट रुग्णालयात न्या. कोणी समुपदेशकाकडे जायचे म्हणत असेल तर बससाठी त्याच्यासोबत उभे राहा. आत तो एकटा जाईल. बाहेरच्या बाकावर तुम्ही बसा.

बसस्थानकावरून दोनदा परतलेल्या त्या तरुणाची परवानगी घेऊनच, ओळख पटू नये असे तपशील बदलून, आम्ही त्याची गोष्ट इथे लिहिली. त्याच्या सात भेटी झाल्या. परीक्षा अजून निघालेली नाही, पण तो झोपतो आणि पुन्हा अभ्यासाला बसतो. परवा त्याने आम्हाला मेसेज केला : "एका मित्राले घेऊन जाचं हाये, कोणता दिवस बरा?" यावेळी मित्र खरोखरच दुसरा होता.

जय भीम, नमो बुद्धाय.